दुर्मिळ जातीच्या कुत्र्यांची पैदास आणि शो : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली बरीच वर्षं मी एका दुर्मिळ जातीची कुत्री पाळते, त्यांची पैदास करते, त्यांना रिंगमध्ये नेते. जातीचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही. ही पिल्लांची जाहिरात नव्हे, आणि पुढे लिहिलेलं बहुतेक सगळं थोडक्या संख्येच्या कुठल्याही जातीला लागू पडतं. नवीन माणसं शोच्या मैदानात आणि फोनवर जे पुन्हा पुन्हा विचारतात, तेच प्रश्न घेतले आहेत.

जात दुर्मिळ आहे असं नेमकं कधी म्हणायचं?

ब्रिटनच्या केनेल क्लबने, म्हणजे जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेने, तिथल्या मूळ जातींसाठी एक रेघ आखली आहे: वर्षाला 300 किंवा त्याहून कमी पिल्लांची नोंद झाली, की ती जात धोक्यातली. मोजायला हे सोपं आहे, पण डोकी मोजून अर्धीच गोष्ट कळते. आजची सगळी कुत्री मागे किती वेगवेगळ्या पूर्वजांपर्यंत जातात, हे त्याहून महत्त्वाचं. हजारो कुत्री असलेल्या जातीची मुळंही चार-पाच जनावरांत असू शकतात.

जात का रोडावली तेही समजून घ्या. ऑटरहाउंड हा पाणमांजरांच्या शिकारीचा कुत्रा. इंग्लंडमध्ये 1978 साली ती शिकार बंद झाली आणि कुत्र्याचं कामच गेलं. आज जगभरची सगळी ऑटरहाउंड मिळून हजाराच्या आत आहेत. ज्या जातीचं काम गेलं, तिला नवीन घरं शोधावी लागतात. जी साथीत मेली, तिला नवीन रक्त शोधावं लागतं. दोन्हींचे मार्ग वेगळे आहेत.

आणि ‘दुर्मिळ रंग’ म्हणून जे विकलं जातं त्याचा दुर्मिळ जातीशी काही संबंध नाही. बहुतेक वेळा तो रंग ब्रीड स्टँडर्डमध्ये, म्हणजे जातीच्या ठरलेल्या वर्णनात, बसत नाही, आणि काही रंगांबरोबर बहिरेपणा किंवा कातडीचे आजारही येतात.

माझ्याकडे अशा जातीची एक मादी आहे. पिल्लं घ्यावीत का?

आधी ती दोन वर्षांची होऊ द्या. तोवर तिचा स्वभाव कळतो, हाडं पक्की होतात, आणि हिपचे एक्स-रे, डोळ्यांची तपासणी, हृदयाची तपासणी, त्या जातीत ठाऊक असलेल्या आजारांच्या डीएनए चाचण्या हे सगळं उरकता येतं. मग तिच्याकडे परक्याच्या नजरेने बघा. हे सगळ्यांत अवघड. नीट बघता येत नसेल तर त्या जातीतल्या जुन्या माणसाला घरी बोलवा आणि तो काय सांगतो ते मधे न बोलता ऐका.

मोठ्या संख्येच्या जातीत मी म्हणाले असते, शंका असेल तर पिल्लं घेऊ नका. इथे तसं म्हणता येत नाही. तब्येतीने निरोगी, स्वभावाने स्थिर, पण शेपटी जरा चुकीची किंवा कान थोडे मोठे, अशी मादी रिंगमध्ये जिंकणार नाही; तरी जातीला ती हवी असते. अशा दहा माद्या केवळ दिसण्यावरून घरी बसल्या, तर त्यांच्याबरोबर जे रक्त जातं ते परत मिळत नाही. एका मादीची एकदा तरी पिल्लं घेतली जावीत, मग ती दोन-तीनच का असेनात, यासाठी मी लोकांच्या मागे लागते.

नात्यातली जोडी लावू नका म्हणता. पण जात एवढी लहान, की सगळीच नात्यातली. मग करायचं काय?

हा खरा प्रश्न आहे, आणि यावरच माझा सगळ्यांत जास्त वेळ जातो.

बाप आणि लेक, किंवा सख्खे भाऊ-बहीण यांची जोडी लावली तर पिल्लांचा अंतःप्रजननाचा गुणांक 25 टक्के येतो. सावत्र भाऊ-बहीण असतील तर 12.5, चुलत-मावस भावंडं असतील तर 6.25. याचा अर्थ असा, की पिल्लाच्या तेवढ्या टक्के जनुकजागी आईकडून आणि बापाकडून एकच नक्कल आलेली असण्याची शक्यता आहे. दडून बसलेला दोष तिथेच वर येतो. वेतातली पिल्लं कमी होतात, जन्मतः मरणारी वाढतात, नरांचं वीर्य पातळ होतं, रोगप्रतिकारशक्ती ढासळते. ब्रिटनच्या केनेल क्लबने 2009 पासून बाप-लेक, आई-लेक आणि सख्ख्या भावंडांच्या जोड्यांची पिल्लं नोंदवणंच बंद केलं.

हे गुणांक मागचे पूर्वज एकमेकांना परके धरून काढलेले असतात. लहान जातीत ते परके नसतात. पाच पिढ्यांची पेडिग्री, म्हणजे वंशावळ, बघितली तर आकडा 3 टक्के दिसतो, दहा पिढ्या मागे गेलं की तोच 20 च्या पुढे. म्हणून कागद जितका मागे नेता येईल तितका न्या, आणि जमलं तर डीएनएवरून काढलेला गुणांकही घ्या. दोन सख्ख्या बहिणींचाही डीएनए सारखा नसतो. एकीला एक वाटा मिळालेला असतो, दुसरीला दुसरा.

शून्य गुणांक मिळणार नाही. धरायचा तो एवढाच नियम: पिल्लांचा आकडा जातीच्या सरासरीपेक्षा वर जाऊ द्यायचा नाही, आणि जमेल तेव्हा खाली आणायचा. मी जोडी ठरवताना दोन नर समोर ठेवते. एक दिसायला देखणा पण माझ्या मादीच्या घरातला, दुसरा साधा पण लांबचा. तरुणपणी मी देखणा निवडला असता, निवडलाही. त्या वेतात सातांपैकी तीन पिल्लं जगली. त्यानंतर मी साध्याकडे वळले.

माझ्या कुत्र्याच्या चाचणीत तो ‘कॅरियर’ निघाला. आता बाद करायचा ना?

नाही. बहुतेक वेळा अजिबात नाही.

कॅरियर म्हणजे दोषाची एकच नक्कल असलेला. ज्या आजाराला दोन नकला लागतात, तो आजार त्याला स्वतःला होत नाही. त्याची जोडी निर्दोष मादीशी लावली, तर एकही पिल्लू आजारी निघणार नाही. साधारण निम्मी पिल्लं कॅरियर निघतील, निम्मी साफ. पुढच्या पिढीत साफ पिल्लांतून चांगलं निवडा, काम झालं. दोन कॅरियर एकत्र आणले तरच चारात एक पिल्लू आजारी, असा हिशेब सुरू होतो.

घाईने कॅरियर काढून टाकले की काय होतं ते बसेंजी या आफ्रिकी जातीच्या लोकांनी सोसलं आहे. 1970 च्या दशकात त्या जातीत एक आनुवंशिक रक्तक्षय होता. कॅरियर ओळखायची चाचणी आली, आणि लोकांनी ती कुत्री सरसकट बाजूला केली. रक्तक्षय जवळपास गेला. पण उरलेल्या थोड्या कुत्र्यांतून मूत्रपिंडांचा फॅन्कोनी सिंड्रोम पसरला. तो उशिरा, चार-पाच वर्षांच्या वयात दिसतो, म्हणजे तोवर पिल्लं होऊन गेलेली असतात. शेवटी 1987 आणि 1988 साली काही अमेरिकन ब्रीडर थेट काँगोच्या जंगलातल्या गावांतून कुत्री घेऊन आले, आणि 1990 साली अमेरिकन केनेल क्लबने त्यांच्यासाठी नोंदवही उघडली.

दुसऱ्या जातीचं रक्त आणणं म्हणजे भेसळ नाही का?

मलाही पूर्वी तसंच वाटायचं. मत बदललं ते डाल्मेशियनमुळे. पूर्वी शुद्ध डाल्मेशियन म्हटला की लघवीत युरिक अ‍ॅसिड जास्त असणारच, आणि त्याचे खडे होऊन नरांची लघवी अडायची. कारण साऱ्या जातीत त्या जनुकाची निरोगी नक्कल उरलेलीच नव्हती. जातीतल्या जातीत कितीही चांगली निवड करा, जे नाहीच ते येणार कुठून? जनुकतज्ज्ञ डॉ. रॉबर्ट शायबल यांनी 1973 साली एकदाच पॉइंटरशी जोडी लावली, आणि त्यानंतर पिढ्यान्‌पिढ्या डाल्मेशियनशीच. त्या वंशातली कुत्री ठिपक्यांपासून चालीपर्यंत डाल्मेशियनच होती, फक्त लघवी निरोगी. तरी अमेरिकन केनेल क्लबने ती कायमची स्वीकारायला 2011 साल उजाडलं.

नॉर्वेच्या लुंडेहुंडची गोष्ट याहून बिकट. व्हॅरॉय बेटावर कड्यांच्या कपारींतून पफिन पक्षी काढून आणणारा, पायाला सहा बोटं असलेला हा कुत्रा. 1960 च्या दशकात डिस्टेंपरच्या साथीत तो जवळजवळ संपला, आणि आजची जात उरलेल्या मोजक्या, तेही एकमेकांच्या नात्यातल्या कुत्र्यांतून उभी आहे. आतड्यांतून प्रथिनं वाहून जाण्याचा आजार या जातीला ग्रासून आहे. आता तिथे बुहुंडसारख्या जवळच्या नॉर्डिक जातींशी संकर करून बघत आहेत.

मात्र हे एकट्याने, घरच्या अंगणात करायचं काम नाही. क्लबची परवानगी, जनुकतज्ज्ञाचा सल्ला, प्रत्येक पिल्लाची नोंद आणि चार पिढ्यांची चिकाटी असेल तरच हात घालावा.

अमुक चॅम्पियन नर सगळ्यांनाच हवा आहे. मीही त्याच्याकडेच जाऊ का?

सगळे जात असतील तर तुम्ही जाऊ नका. एकाच नराची शंभर पिल्लं झाली, की पुढच्या पिढीत कोणालाही परकी जोडी मिळत नाही, आणि त्याच्यातला एखादा दडलेला दोष जातभर होतो. एफसीआय या केनेल क्लबांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची शिफारस अशी, की पाच वर्षांत जातीत जेवढी पिल्लं नोंदली जातात, त्यांच्या 5 टक्क्यांपेक्षा जास्त एका कुत्र्याची नसावीत. वर्षाला 60 पिल्लं होणाऱ्या जातीत ही मर्यादा अवघी 15 पिल्लांची. म्हणजे दोन-तीन वेतं. त्याचा भाऊ कुठल्या घरी सोफ्यावर लोळतोय ते शोधा. एकदा असाच एक शोधून काढला. मालकाला त्याची पेडिग्री कुठे ठेवली तेही आठवत नव्हतं. माझ्या आजच्या सगळ्यांत चांगल्या दोन माद्या त्याच्या नाती आहेत.

दूर देशातला नर वापरता येतो का?

येतो, गोठवलेल्या वीर्याने. त्यासाठी दिवस अचूक साधावा लागतो. ताजे शुक्राणू मादीच्या पोटात पाच-सहा दिवस टिकतात, म्हणून नैसर्गिक जोडीत एखादा दिवस चुकला तरी चालून जातं. गोठवून वितळवलेले जेमतेम एक दिवस टिकतात. त्यात कुत्रीचं अंडं सुटतं तेव्हा कच्चं असतं, पिकायला त्याला दोन दिवस लागतात. रक्तस्राव दिसल्यापासून दिवस मोजून हे जमत नाही. माझ्याकडची एक मादी नवव्या दिवशी तयार असते, तिचीच बहीण एकोणिसाव्या. प्रोजेस्टेरॉन या हॉर्मोनची रक्तचाचणी दर दोन दिवसांनी करा. आकडा मिलीलिटरला 5 नॅनोग्रॅमच्या आसपास गेला की अंडं सुटायला लागलं समजायचं, आणि तिथून दोन-तीन दिवसांनी वीर्य थेट गर्भाशयात सोडायचं. हे काम यातल्या जाणकार पशुवैद्याचंच.

जोडी नैसर्गिक असो की कृत्रिम, नर आणि मादी दोघांची ब्रुसेला कॅनिस या जिवाणूची चाचणी आधी झालीच पाहिजे. गाभ पडतात, नर वांझ होतात, माणसालाही लागण होते. ‘आमचा कुत्रा घराबाहेर जातच नाही’ हे उत्तर ऐकून घेऊ नका.

मादी पहिल्यांदाच व्यायची आहे. काय काय तयार ठेवू?

अंडं सुटल्यापासून 63 दिवस धरा, एक-दोन दिवस इकडेतिकडे. पंचावन्नाव्या दिवसानंतर एक्स-रे काढून पिल्लं मोजून घ्या, म्हणजे शेवटचं बाहेर आलं की नाही हा घोर राहत नाही. शेवटच्या आठवड्यात दिवसातून तीनदा ताप बघा. एरवी 101 च्या पुढे असणारा पारा 99 फॅरेनहाइटच्या खाली उतरला, की बहुतेक चोवीस तासांत कळा सुरू होतात. गाभणपणात कोणी सांगितलं म्हणून कॅल्शियमच्या गोळ्या देऊ नका. त्याने शरीर स्वतःचं कॅल्शियम काढायचं विसरतं आणि दूध सुरू झाल्यावर झटके येऊ शकतात.

डॉक्टरांना कधी बोलवायचं, ते कागदावर लिहून बाळंतपणाच्या पेटीशेजारी लावून ठेवा, कारण त्या रात्री काही सुचत नाही. अर्धा तास जोरात कळा देऊनही पिल्लू येत नाही. आत पिल्लं आहेत आणि दोन तास काहीच हालचाल नाही. पहिलं पिल्लू यायच्या आधीच हिरवा स्राव दिसला, म्हणजे वार सुटली. या तिन्हींत वाट बघू नका.

माझी मादी तारा पहिल्यांदा व्यायली तेव्हा चौथं पिल्लू लुळं आलं. तोंडावरची पिशवी फाडली, नाकातोंडातला चिकटा पुसला, डोकं खाली करून कोरड्या टॉवेलने पाठीवर चोळत राहिले. पिल्लाला हातात धरून झोका देऊन झटकायची जुनी पद्धत करू नका, मेंदूला इजा होते. बऱ्याच वेळाने ते एकदा आचकलं, मग पुन्हा, मग बारीकसं किंचाळलं. ताराने मान वळवून ते माझ्या हातातून काढून घेतलं.

पण खरी लढाई पुढच्या दोन दिवसांत होती. जन्मतः त्याचं वजन 240 ग्रॅम, दुसऱ्या सकाळी 232, संध्याकाळी 226. पहिल्या दिवशी थोडं घटणं चालतं, पण दुसऱ्या दिवशी काटा चढायला हवा. हाताला ते गारही लागत होतं. इथे नवीन माणूस हमखास चुकतो: पिल्लू दूध पीत नाही म्हणून बाटलीने दूध पाजतो. गार पिल्लाचं आतडं चालत नाही, दूध पोटात तसंच राहतं, नासतं, किंवा फुप्फुसात जातं. आधी ऊब, मग दूध. मी ते अंगाशी धरून सावकाश, तासाभरात गरम केलं आणि मगच ताराच्या मागच्या भरलेल्या सडाला लावलं. पहिला आठवडा पेटीत 29 ते 32 अंश सेल्सिअस ऊब हवी, आणि एक कोपरा जरा थंड, म्हणजे आईला बाजूला होता येतं. प्रत्येक पिल्लाचं रोज ठरल्या वेळी वजन घ्या. आठ-दहा दिवसांत ते दुप्पट झालं पाहिजे. ते चौथं बाराव्या दिवशी दुप्पट झालं.

शोचं पिल्लू कधी ओळखता येतं?

आठव्या आठवड्याच्या आसपास, एक-दोन दिवसांच्या खिडकीत. तेव्हा पिल्लाची प्रमाणं मोठेपणीच्या प्रमाणांशी बऱ्यापैकी जुळतात. पुढे ते वेडंवाकडं वाढतं आणि वर्षभर काही कळत नाही. टेबलावर उभं करून खांद्याचा कोन, पाठ, मागचे पाय, दात बघा, नराचे दोन्ही अंडकोश उतरलेत का बघा. मग खाली सोडा आणि ते आपणहून चालताना बघा. टेबलावरचं सुंदर पिल्लू जमिनीवर कधी कधी साधं निघतं. उलटही होतं.

आमच्या जातीत रिंगमध्ये एकटंच कुत्रं असतं. जिंकण्यात काय अर्थ?

जातीतली पहिली रिबन तर मिळेलच, तिचं फार कौतुक करू नका. बेस्ट ऑफ ब्रीड, म्हणजे जातीतलं सर्वोत्तम, ठरल्यावर अनेक जातींच्या ग्रुपमध्ये मात्र नावाजलेल्या जातींच्या शेजारी उभं राहावं लागतं, आणि तिथे कस लागतो. किताबाचे नियम देशोदेशी वेगळे. एफसीआयच्या आंतरराष्ट्रीय चॅम्पियनसाठी तीन देशांत, तीन जजांकडून चार सीएसीआयबी (आंतरराष्ट्रीय शोमधली किताबाची प्रमाणपत्रं) लागतात, पहिल्या आणि शेवटच्यात किमान एक वर्ष आणि एक दिवस. अमेरिकेत 15 गुण, आणि रिंगमध्ये किती कुत्री हरवली यावर गुण ठरतात; कुत्रीच नसतील तर गुण येणार कुठून? म्हणून ओळखीच्या चार मालकांनी मिळून एकाच शोला नावं द्यायची. हरणाऱ्यांचंही त्यात काम होतं.

शोला जायचं त्याचं माझं मोठं कारण वेगळं आहे. तिथे दुसऱ्यांची कुत्री हाताने तपासता येतात. पेडिग्रीत नुसतं नाव असतं. रिंगच्या कडेला बसून नऊ वर्षांची मादी कशी चालते, तिचे दात कसे राहिलेत, अनोळखी माणसाने हात लावल्यावर ती काय करते, हे कळतं.

जजने आमची जात आधी बघितलेलीच नसेल तर?

बऱ्याचदा असंच असतं. काही जज स्टँडर्ड वाचून येतात आणि नीट बघतात. काही जण ओळखीच्या जातीचं माप लावतात. एकदा एका जजने माझ्या कुत्रीला ‘अंगाने बारीक’ म्हणून मागे ठेवलं. आमच्या जातीत शेवटच्या फासळ्या दिसल्याच पाहिजेत. मी रिंगमध्ये वाद घातला नाही. शो संपल्यावर वेळ मागितली, कुत्रीच्या बरगडीवर त्यांचा हात ठेवून दाखवलं, आणि ती कशासाठी तशी घडली ते सांगितलं. पुढच्या वर्षी त्यांनीच आमच्या दोन कुत्र्यांना पुढे नेलं. कुत्र्याला लठ्ठ करून किंवा केस कापून जजच्या आवडीचं करू नका. दोन पिढ्यांत जात बदलते.

घरी सराव कसा घ्यावा?

रोज पाच मिनिटं, जेवणाआधी. उभं राहणं, दात दाखवणं, परक्याने अंगभर हात फिरवणं, सरळ रेषेत जाऊन परत येणं. गळपट्टा ओढून डोकं वर धरू नका. पुढचे पाय जमिनीवरून सुटल्यासारखे पडतात आणि चाल बिघडते. दुर्मिळ जातींत बरीच कुत्री जुन्या वळणाची, परक्यांपासून जरा अंतर राखणारी असतात. तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात जेवढी वेगवेगळी माणसं, आवाज, जमिनी दाखवाल, तेवढी पुढे रिंग सोपी जाते. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडलं, तर ही शिकवण अर्धीच राहते.

पिल्लं कोणाला द्यावीत?

दोनदा घरी येऊन गेलेल्या माणसाला. करारात मी दोनच गोष्टी ठाम लिहिते: काही कारणाने कुत्रा सांभाळता आला नाही तर तो माझ्याकडेच परत यायचा, आणि दोन वर्षांनी तपासण्यांचे निकाल मला कळवायचे, वाईट असले तरी. विशेषतः वाईट असले तर. न विचारता नसबंदी करू नये, अशी विनंतीही करते. वेतातली सगळी पिल्लं एकाच शहरात किंवा एकाच माणसाकडे देत नाही. एक साथ आली तर सगळं एकदम जायला नको.

यात पैसे सुटतात का?

नाही. चाचण्या, प्रवास, सिझेरियन, न झालेली वेतं हे सगळं धरलं तर नाहीच.

कधी थांबावं?

मादीचं पाच-सहा वर्षांच्या पुढे पहिलं वेत घेऊ नका, आणि आयुष्यात तीन वेतांवर मी जात नाही. सिझेरियन दोनदा झालं की बस. थांबलेली मादी घरात ठेवा. पुढच्या पिल्लांना शिस्त तीच लावते.

माणसाने थांबायची तयारीही आधीच करायला हवी. जुने ब्रीडर गेले की त्यांच्या डोक्यातलं सगळं जातं: कोणता कुत्रा कशाने मेला, कोणत्या मादीला दूध कमी यायचं, कोणत्या घराण्यात झटके होते. हे कुठल्याच पेडिग्रीत लिहिलेलं नसतं. चांगल्या नरांचं वीर्य वेळेत गोठवून ठेवा, मालकीचे कागद कोणाच्या नावे जातील ते लिहून ठेवा. माझ्या वजनांच्या वह्या, मेलेल्या पिल्लांच्या नोंदींसकट, आता एका तरुण मुलीकडे जातात. ती त्यांचे फोटो काढून घेते आणि दर वेळी विचारते, ‘मावशी, हा आकडा सात आहे की एक?’